रुमलीबाईंचे गोल

“आणि गोल कुठे गेले?”

गुंजाळ सरांनी विचारलं, तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता. लग्नाला सव्वीस दिवस झाले होते आणि आम्ही जोडीने नमस्काराला गेलो होतो. नमस्कार झाला न झाला, तोच निनाद लॅपटॉप उघडून आपल्या गुरूंपुढे बसला होता.

“कुठले गोल, सर?”

“शब्दांखालचे. एक्केचाळीस खुणा होत्या आपल्या. इथे चाळीस दिसतायत.”

निनाद हसला. कौतुक ऐकण्याआधीचं त्याचं ते हसू एव्हाना माझ्या ओळखीचं झालं होतं.

सरांनी बत्तीस वर्षं डोंगरातल्या एका पाड्यावरची भाषा टिपून घेतली होती. ती बोलणारं आता एकच माणूस उरलं होतं, रुमलीबाई. तिच्या प्रत्येक शब्दाखाली सर खूण करत. हे अनेकवचन, ही आज्ञा, हा भूतकाळ. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या, पण त्याआधी त्यांनी सगळं स्वतः संगणकावर चढवलं होतं.

निनाद वर्षभर त्या खुणा एका सामाईक नोंदवहीला जोडत होता. जगभरचे अभ्यासक आपापल्या भाषेतल्या खुणांना तिथले क्रमांक देतात. मग इथलं लिखाण फिनलंडमधल्या माणसालाही शोधता येतं. काम चांगलंच होतं. लग्नाच्या मांडवातही त्याने मला ते दोनदा समजावलं होतं.

“गोलाला नोंदवहीत जागाच नव्हती, सर,” तो म्हणाला. “मग सगळे तपासले. बहुतेक वेळा तो भूतकाळाच्या आसपास येतो. म्हणून भूतकाळाच्याच क्रमांकात घातला. आता एकही खूण लोंबकळत नाही. खूण जुळली की हिरवी होते. बघा ना, सगळं हिरवं.”

“सगळं हिरवं.”

“शंभर टक्के!”



“गोल म्हणजे काय, ते मला विचारलंस?”

“वापरावरून अर्थ काढायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना सर?”

“गोल म्हणजे ‘मला कळलं नाही’. जिथे अर्थ लागला नाही, तिथे मी गोल काढायचो.”

सरांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“रुमलीबाईला विचारलं की हसायची. म्हणायची, मास्तर, घाई काय आहे? जायच्या आधी सांगेन.” सरांनी चष्मा काढला. “सकाळी तिच्या मुलाचा फोन आला. दोन दिवस पाणीसुद्धा घेत नाही. म्हणते, मास्तरला म्हणावं, राहिलेलं सगळं घेऊन ये.”

सरांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

“जुनी फाइल काढ.”

“तिच्यावरच सेव्ह केलं, सर.”

“प्रत असेल.”

“प्रतीवरही तेच चालवलं. दोन्हीत फरक नको म्हणून.”

“वा, निनादराव.”

हे ते इतक्या हळू म्हणाले, की मला पुडा कुठे ठेवावा ते कळेना.

“किती होते गोल?”

“तीनशेच्या वर.”

“आणि भूतकाळ?”

“आता... अकरा हजार.”

निनाद खाली खाली सरकवत राहिला. ओळीमागून ओळ, प्रत्येकीखाली तोच क्रमांक. वर्षभर ज्या बोटांचा त्याला अभिमान होता, ती आता एकेका शब्दावर थांबत होती आणि पुढे जात होती. हा असेल? की हा?

“तिच्या बोलण्याच्या टेपा आहेत ना, सर? ऐकून परत...”

“बत्तीस वर्षांच्या टेपा. तिला उद्याची सकाळ दिसेल की नाही, माहीत नाही.”

बाहेर पाड्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. सरांनी जीप आधीच ठरवून ठेवली होती. कोपऱ्यात पिशवी भरलेली होती. तिच्यात कोऱ्या वह्या आणि टोक केलेल्या पेन्सिली दिसत होत्या. सरांनी ती उचलली नाही.

त्यांनी माझ्या हातातून पेढे घेतले, न उघडता फडताळात ठेवले आणि चपला पायात सरकवल्या.

“सूनबाई, तू बस. आम्हाला यायला उशीर होईल.”

निनाद उठला. 

“पण सर, आता तिला विचारायचं तरी काय?”

सरांनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या हातात दिला.

“विचारायचं कुठे काय राहिलंय? चल. सगळं जुळलं, असं तिला तूच सांग.”