आगीची थोरली लेक

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी भर समुद्रात धगी नावाचं बेट होतं. पृथ्वीच्या पोटातून उसळणारी आग ही तिची आई. लाव्हा पाजून पाजून तिनं धगीला वाढवलं होतं.

पुढे लाव्हा आटला, धगी गार पडली. मागे, आईपाशी, धाकटी बहीण समुद्रातून वर आली, तेव्हा धगीनं हाक मारली.

"आई, ती आली म्हणून मला टाकलंस?"

"मी जागची हललेच नाही गं," आई दुरून म्हणाली. "तूच लांब चाललीस. ज्या तळावर बसलीस, त्याला विचार."

धगीनं समुद्रतळाला विनवलं, "तळोबा, थांबा ना!"

"कसा थांबू, पोरी? माझं पुढचं टोक थंड आणि जड होऊन पाताळात बुडतंय, तेच मला फरफटत नेतंय. खालचा ऊन खडकही त्याच्यासंगे वाहू लागलाय. थांबणं आता कुणाच्याच हाती नाही."

तळ गार होत खोल गेला, तशी धगीही खचत गेली. लाटा गळ्याशी आल्या, तेव्हा धाकटी लांबून ओरडली, "ताई, आई मला कधीच सोडायची नाही ना?"

खरं सांगायला धगीनं तोंड उघडलं. पण ते पोर लाव्हात न्हाऊन हसत होतं.

"नाही सोडायची," धगी म्हणाली आणि पाण्याखाली गेली.

तळ धाकटीलाही घेऊन केव्हाच निघाला होता.