सात शाली आणि तीनशे ट्रॉल्या गाळ

“पण माई, सत्कारात चुका सांगायच्या? असं कुठं असतं का?”

भास्करराव ठोंबरे इतके गोंधळले होते, की हातातलं मानपत्र त्यांनी उलटं धरलं होतं.

आमच्या गावाचं पाणी तळ्यातून येतं. त्या तळ्याची समिती भास्कररावांनी चौदा वर्षं चालवली. सात सभासद, सगळे बिनपगारी, आणि आता सगळे सत्तरीला टेकलेले. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता. शाली वेशीबाहेरच्या मठातल्या माईंच्या हातून द्यायच्या होत्या. माई ऐंशीच्या पुढच्या. भास्कररावांना अरेतुरे करणारं माणूस गावात तेवढं एकच.

“नवी माणसं मिळाली?” माईंनी विचारलं.

“कुठली! आज सात नावं आली नाहीत, तर समिती बरखास्त. मग तळ्याला वाली कोण? लोक पुन्हा गाड्या धुतील, कचरा टाकतील...” भास्कररावांनी मान हलवली. “खरं सांगू माई? आमच्यासारखी माणसं आता होत नाहीत.”

“मागच्या दोन सभांत काय वाचलंस?”

“आमचं कार्य. ऊन, उपासतापास, खाल्लेल्या शिव्या. सगळं.”

“लोकांनी काय केलं?”

“उभं राहून टाळ्या वाजवल्या!”

“आणि नावं किती आली?”

भास्कररावांनी मानपत्र सुलटं केलं.

“दे ते इकडे.” माईंनी मानपत्र घेतलं, मधोमध दुमडलं आणि त्यानंच वारा घ्यायला लागल्या. “एकेकानं आपली एक चूक सांगायची. मग शाल. तूसुद्धा.”

“आणि माझी एकही चूक नसली तर?”

माई वारा घेत राहिल्या...

संध्याकाळी शाळेचं पटांगण भरलं. सत्कार म्हटला की आमच्याकडे चहा असतो, त्यामुळे गर्दीची काळजी नव्हती.

पहिले उठले शेटे सर. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस.

“पहिल्या वर्षी मी तळ्याच्या बांधावर दोनशे रोपं लावली,” ते म्हणाले. “कुंपण दुसऱ्या वर्षी सुचलं.”

“माझी शेरडं अजून तुमचं नाव काढतात, सर!” मागून कोणीतरी ओरडलं.

पटांगण हसलं. सरही हसले. माईंनी शाल दिली.

मग नसीमबी काझी. त्यांच्या आवाजाला आजही अर्धं गाव टरकतं.

“तळ्याकाठी एक जीप उभी दिसली. हा आता धुणार, असं मीच ठरवलं. चावी हिसकावली आणि दिली पाण्यात फेकून. नंतर कळलं, आपल्याच समितीनं त्याला बोलावलं होतं. दोन दिवस आम्ही सातही जण चिखलात चावी शोधत होतो.”

आता लोक पोट धरून हसत होते. पुढच्या चौघांची पाळी येईपर्यंत तर ते माझी ऐका, माझी ऐका, असं करायला लागले.

शेवटी भास्करराव उरले.

मानपत्रात त्यांना ‘गाळमुक्तीचे शिल्पकार’ म्हटलं होतं. ते माईंकडे बघत राहिले... माई वारा घेत होत्या.

“पहिल्याच वर्षी तीनशे ट्रॉल्या गाळ काढला आपण,” ते म्हणाले. “तो कुठं टाकायचा, हे मी ठरवलं होतं. मी चढावर टाकायला लावला. पाऊस आला आणि सगळा परत तळ्यात गेला.” ते पटांगणाकडे वळले. “गावानं ट्रॅक्टरवाल्यांना नावं ठेवली. मी ठेवू दिली... चौदा वर्षं.”

या वेळी कोणी हसलं नाही.

सदा लोखंडे उठला. तो ट्रॅक्टर चालवणाऱ्यांपैकी एक. आता भांडण होणार, असं आम्हाला वाटलं.

“भास्करराव, चढ आम्हालाही दिसत होता,” सदा म्हणाला. “तरी आम्ही तिथंच ओतला. तुम्हाला सांगायचं कोणी, म्हणून गप्प बसलो.” त्यानं हात वर केला. “माझं नाव लिहा समितीत. उतार कुठं आहे, ते आता मला पाठ आहे.”

जे हसणं उसळलं ते तळ्यापर्यंत गेलं असेल.

“माझंही लिहा,” शिवणकाम करणारी रंजना म्हणाली. “मला वाटायचं, त्याला फार हुशारी लागते. एवढ्या चुका तर मलाही जमतील!”

मग हात वर यायला लागले. एक इकडून, दोन तिकडून. भास्कररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायचं सोडून नावं लिहीत होते. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. आमच्या गावात एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता.

माईंनी सातवी शाल भास्कररावांच्या खांद्यावर घातली.

त्यांनी पाया पडता पडता कागद पुढे केला. “माई, जागा सातच आहेत. इथं तर नऊ जण झाले. नियमात बसत नाही. वरची दोन नावं लिहू तरी कशी?”

“चुकून,” माई म्हणाल्या.