साळिंदराचे चौथे पान

सागाच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, अंगावर एवढ्या लेखण्या बाळगणारा दुसरा प्राणी शोधून सापडायचा नाही. पण या पठ्ठ्याने त्यांतल्या एकीनेही कधी एक ओळ लिहिली नव्हती. गेल्या उन्हाळ्यातल्या वणव्यात त्याची आई गेली. सशाची चार पिल्ले आपल्या बिळात ढकलून ती दाराशी आडवी बसली, म्हणून पिल्ले वाचली. वर्ष सरायच्या आत जंगल तिला विसरू लागले. हे साळिंदराला सहन होईना. यंदा वडाखालच्या सभेत आईची गोष्ट वाचायचीच, असे ठरवून त्याने एक काटा उपटला, बिब्ब्याच्या शाईत बुडवला आणि सागाच्या पानावर गोष्ट लिहून काढली.

शाई वाळायच्या आत साळिंदर ते पान दाखवत सुटले. कोल्हा म्हणाला, "पहिल्याच ओळीत वाघोबा हवेत. त्यांच्या डरकाळीने वणवा विझला असं लिही. सभेचे मानकरी आहेत ते." मोर म्हणाला, "यात नाच कुठाय? मग ऐकणार कोण?" मोराशेजारी बसलेले अस्वल लगेच म्हणाले, "रडवू नकोस बाबा. आईला जिवंत ठेव." साळिंदर सगळ्यांपुढे मान डोलवी. बिब्ब्याची शाई पुसली जात नाही, त्यामुळे दर वेळी नवे पान, नवा काटा आणि तीच कळ.

तिसरे पान त्याने घरी येऊन मोठ्याने वाचले. वाघ गर्जत होता, मोर नाचत होता, आई एकाच ओळीत उरली होती आणि त्या ओळीत ती कंद खात बसली होती. साळिंदराला स्वतःचाच संताप आला. तिन्ही पाने फाडून त्याने चौथे लिहिले आणि ते कोणालाही दाखवले नाही.

सभेत वाचन संपताच कोल्हा उठला. "वाघोबा कुठे आहेत या गोष्टीत?"

साळिंदराचे काटे ताठ झाले. "वणव्यात होते तिथेच. नदीपलीकडे."

"अजून वेळ गेलेली नाही. तेवढं बदल."

"शाई बिब्ब्याची आहे. आणि पुसता आली असती, तरी पुसली नसती."

वाघ खाली मान घालून आपल्या पंजांकडे बघत राहिला. तेवढ्यात गर्दीतून एक तरुण ससा पुढे आला आणि साळिंदराला खेटून बसला. म्हणाला, "पुन्हा वाच. मी त्या बिळात होतो."

तात्पर्य : सल्ला दहा जणांचा ऐकावा, पण ज्याच्यासाठी लेखणी उचलली, त्यालाच गोष्टीतून कोणाच्या सांगण्यावरून बाहेर काढू नये.