घुंगरांची राखण

ही गोष्ट खरी आहे. गळ्याची शपथ, मी ती या डोळ्यांनी पाहिली. फार फार वर्षांपूर्वीची आहे. आता, इतक्या वर्षांपूर्वी तू होतास कुठे, असं कुणी विचारलं तर तेही बरोबर आहे. मी नव्हतो, माझ्या पणज्याने पाहिली. पणज्याला पुढे पुढे दिसत नव्हतं. पण कान शाबूत होते, आणि ही गोष्ट बरीचशी कानांचीच आहे.

तर, एका डोंगराळ मुलखात मेंढपाळांचा एक तळ होता. आज इथे, उद्या तिथे. चारा संपला की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि पुढचं माळरान गाठायचं. त्या तळावर एक म्हातारी होती. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हतं. तिच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या: तिची मेंढरं आणि त्या तळावरची माणसं.

एका उन्हाळ्यात शेजारच्या डोंगराला वणवा लागला. विझल्यावर म्हातारी चुकलेली मेंढी शोधायला गेली. मेंढी काही सापडली नाही, पण एका कपारीतून कुंईकुंई ऐकू आली. आत चार पिल्लं होती, राखेने माखलेली. आईचा पत्ता नव्हता. म्हातारीने एकेक पिल्लू उचलून ओटीत घातलं आणि परतली.

तळाचा कारभारी म्हणजे तिचा दीर. तो वाटेतच उभा होता.

"वहिनी, मेंढी कुठाय?"

"न्हाई घावली."

"मग ओटीत काय?"

"कुत्र्याची पिल्लं हायती."

"कुत्र्याची का लांडग्याची?"

म्हातारी पाणी घेऊन बसली. पिल्लांना धुतलं तर राखेखालून राखेच्याच रंगाचं अंग निघालं. कान बघितले, शेपट्या बघितल्या. जितकी माणसं तितकी मतं झाली.

त्या लोकांची एक रीत होती. राखणीचं पिल्लू डोळे उघडायच्या आत मेंढीच्या पोटाशी ठेवायचं. डोळे उघडल्यावर त्याला पहिलं जे दिसेल, ते त्याचं गोत. मेंढी दिसली तर ते जन्मभर मेंढरांसाठी जीव देतं, अशी समजूत. या चौघांपैकी तिघांचे डोळे उघडलेले होते. त्यांनी आधी काय पाहिलं असेल, कोण जाणे. चौथं मरतुकडं होतं, त्याचे डोळे अजून चिकटलेले होते.

"त्या आंधळ्याला ठेव," कारभारी म्हणाला. "बाकीची जिथली तिथं सोडून ये."

"तिथं काय हाय भावजी? राख हाय."

"मग ऐक. तिघांपायी एक जरी कोकरू गेलं, तर त्यांना मी जित्तं ठेवायचा न्हाई. आन् तूबी तुझी मेंढरं घेऊन दुसरीकडं तळ टाकायचा. लोकांनी उद्या मला इचारलं तर मी काय सांगू?"

"बरं," म्हातारी म्हणाली. आणि तिघांना पुन्हा ओटीत घातलं.

चौथं पिल्लू तिने कोकरू दगावलेल्या एका मेंढीखाली ठेवलं. मेंढीने हुंगलं, जरा विचार केला आणि पाजायला घेतलं. लोकरीतच लोळायचं म्हणून त्याचं नाव पडलं लोकऱ्या. बाकी तिघांना म्हातारीने कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं. त्यांना नावं मात्र ठेवली नाहीत. उद्या द्यायची वेळ आली तर नाव घेऊन कसं देणार?

पिल्लं चालायला लागली तसा म्हातारीच्या जिवाला घोर लागला. डोळ्यात तेल घालून बघायची, पण डोळे तरी किती पुरणार? मग तिने घोड्याची जुनी घुंगुरमाळ काढली आणि तिघांच्या गळ्यात एकेक घुंगरू बांधलं. कुठे आहेत ते कळावं, एवढंच. लोकऱ्याला बांधलं नाही. तो तर मेंढरांतलाच.

आता असं झालं, की घुंगरू वाजलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं, आणि वाजेनासं झालं की त्याहून जास्त. एखादं पिल्लू खेळत खेळत मेंढरांकडे गेलं, घुंगरू खुळखुळलं, की म्हातारी काठी घेऊन धावायची. "हुर्र! हुर्र!" पिल्लू पळायचं, आणि दचकून मेंढरंही पळायची. भाकरी तव्यावर जळायची. खायचं तिला सुचतच नव्हतं.

"जाऊबाई, अगं वाळून चाललीस," कारभाऱ्याची बायको म्हणायची.

"मी वाळते गं. त्यांचं काय व्हईल ते सांग."

उन्हाळा गेला, पावसाळा सरला. पिल्लांची चांगली दांडगी कुत्री झाली. काठीच्या भीतीने तिघं आता मेंढरांच्या जवळ येत नसत. लांब बसायची, मान खाली घालून बघत राहायची.

"बघ कशी टपून बसल्यात," कारभारी म्हणे. "कुत्रं असं बसतं व्हय?"

म्हातारीलाही ते दिसे, आणि ती काठी आणखी जवळ ओढून घेई.

कळपाच्या पुढे चालणारा एक एडका होता. मोठा शिष्ट. त्याने एकदा लोकऱ्याला गाठलं. एडका बोलला, हे मी सांगतोय, तेव्हा नीट ऐका.

"काय रे, तू कुत्रा का लांडगा?"

"मला काय ठाऊक?" लोकऱ्या म्हणाला. "मी तर स्वतःला मेंढी समजत होतो."

"आणि ते तिघं?"

"ते माझे भाऊ."

"मग तू आलास तर आम्ही चरत राहतो, आणि ते आले तर पळतो, असं का?"

लोकऱ्याने बराच विचार केला. "ते वाजतात," तो म्हणाला.

थंडी पडली. तळ एका पठारावर होता. पठाराच्या एका अंगाला उभा कडा. एका सकाळी दाट धुकं आलं. म्हातारी मेंढरं चारत होती. कारभारी त्याची मेंढरं घेऊन थोडा अलीकडे होता.

आणि लांडगा आला. कसा होता, केवढा होता, ते विचारू नका, धुकं होतं. पण तिघा कुत्र्यांना त्याचा वास लागला आणि ती काठी विसरली. तीन बाजूंनी तिघं मेंढरांकडे सुटली, राखायला. धुक्यात खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ.

मेंढरांना लांडगा दिसला नाही. त्यांनी घुंगरं ऐकली. तीन बाजूंना घुंगरं होती, म्हणून ती चौथ्या बाजूला पळाली. चौथ्या बाजूला कडा होता.

म्हातारीनेही घुंगरं ऐकली, आणि सवयीने काठी उगारून ओरडली, "हुर्र!" मेंढरं आणखी जोरात पळाली.

तेव्हा तिला कळलं. कुत्री थांबायला हवीत, घुंगरं थांबायला हवीत. पण हाक कशी मारायची? तिघांना नावंच नव्हती. त्यांना तिच्या तोंडचा एकच शब्द माहीत होता, आणि त्या शब्दाने सगळं धावतच होतं.

तिने काठी लांब फेकून दिली, भुईवर बसली आणि ओटी पसरून म्हणाली, "या रं माझ्या लेकरांनो. या."

शब्द त्यांना नवा होता, आवाज नव्हता. बोळ्याने दूध पाजतानाचा होता. तिघं जागच्या जागी थबकली. घुंगरं गप्प झाली.

तिकडे लोकऱ्या मेंढरांच्या पुढे निघून कड्याच्या तोंडाशी आडवा पडला होता. एडका त्याला अडखळला आणि थांबला. एडका थांबला म्हणून मागची थांबली. सगळी मात्र नाही. एक कोकरू कडेकडेने धावत होतं. ते खाली गेलं.

कारभारी धापा टाकत आला. बराच वेळ कड्यावरून खाली बघत राहिला.

"म्हटलं हुतं मी," तो म्हणाला.

"व्हय," म्हातारी म्हणाली. तिघं तिच्या मांडीला चिकटून बसली होती, आणि तिने हातांनी तिन्ही घुंगरं दाबून धरली होती. "पर दात लागला न्हाई त्याला कुणाचा. वाजलं ते म्या बांधलेलं. ह्यांना काही करू नगा. तळ माझा मी हलवते."

कारभाऱ्याने लोकऱ्याकडे पाहिलं, मग तिघांकडे. तोच रंग, तेच कान, एकाच पोटची. चौथ्यावर कधी काठी उगारावी लागली नव्हती, कारण कुणी उगारलीच नव्हती. त्याने कमरेची लोकर कापायची कात्र काढली. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

कर्रकन आवाज झाला. मग पुन्हा, मग पुन्हा. डोळे उघडले तर घुंगरं मातीत पडली होती.

"वहिनी," कारभारी कात्र पुसत म्हणाला, "आता नावं ठेव ह्यांना. आन् चूल पेटव. तळ हिथंच हाय तुझा."

मेंढरांची भीती मात्र एवढ्याने गेली नाही. पुढे कितीतरी दिवस तळावरून घुंगरांचा घोडा गेला तरी ती बिथरायची. गळ्यातलं सुटतं लवकर, कानातलं सुटायला वेळ लागतो.

तर, लहानथोर मंडळी, बोध एवढाच: ज्याला पोटाशी धरलं, त्याच्या गळ्यात संशय बांधू नये; तो त्याच्या आधी आपलाच घात करतो.

आता शपथ घेतली आहे म्हणून सांगून टाकतो. एडका बोलला, ते खरं आहे. लांडगा मी घातला. त्या सकाळी लांडगा आलाच नव्हता. ती तिघं थंडीत अंगात वारं भरलं म्हणून नुसती हुंदडायला सुटली होती. पण एवढा मोठा कळप कड्यापर्यंत न्यायला लांडगा लागत नाही, हे तुम्हाला कुणाला पटलं असतं?