पाचर किती ठोकावी

नद्यांवर अजून पूल झाले नव्हते आणि माणसांना कुठे पोहोचायची घाई नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात पोह्यांची पाणगिरणी होती. पाण्याच्या जोरावर एक चाक फिरे, ते मुसळ उचली. त्याच्या जोडीचं दुसरं चाक लाकडी पळीनं उखळातलं भात हलवी. मुसळ वर गेलं की पळी आत, मुसळ खाली आलं की पळी बाहेर. दोघांची कधी टक्कर होत नसे, कारण दोन्ही चाकांना मिळून एकच चामडी पट्टा होता. पट्ट्याला भोकं, चाकांना खुंट्या. खुंटी भोकात बसे आणि चाकं एका तालात फिरत.

त्या घरात नवी सून आली, आणि तिची हळद वाळायच्या आत पट्टा तुटला. पळी मुसळाखाली सापडली, तिचे तुकडे झाले. मुसळाचा कणा तेवढा वाचला. तसलं जुनं लाकूड आता रानात उरलं नव्हतं. कणा मोडता तर गिरणीच संपली असती.

पोहे न्यायला आलेली शेजारीण रिकामी पाटी कडेवर घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं टिकला हो पट्टा, नेमका आत्ताच तुटला. पायगुण असतो एकेकीचा."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं. त्या दिवसापासून ती पैंजण न वाजवता चालायला शिकली.

सून मुळातच कमी बोलणारी. पण कमी बोलणाऱ्यांना बघायला वेळ पुष्कळ मिळतो. तुटका पट्टा अंगणात पडला होता. कपडे वाळत घालता घालता तिनं तो उचलून पाहिला. चामडं अजून चांगलं होतं. भोकं मात्र लांबट झाली होती, सगळी एकाच बाजूला ओढल्यासारखी. पळीच्या चाकाचा आसही घासून काळा पडला होता. तिनं ते मनात ठेवलं. नव्या सुनेकडे काही ठेवायला तेवढीच स्वतःची जागा असते.

नवी पळी बसली, नवा पट्टा आला. सासऱ्यांची नजर गेली होती, म्हणून काम नवऱ्याकडे आलं. सासरे खाटेवरून सांगू लागले, "दोन्ही चाकांवर कुंकवाचं एकेक बोट आहे. ती समोरासमोर आण, मग पट्टा चढव."

"बाबा, इथे तर चाकभर बोटं आहेत."

"दर दसऱ्याला पूजा होते त्यांची," सासूबाई म्हणाल्या. "कुंकवाला कधी हात आखडता घेतला नाही आम्ही."

"मग धुऊन काढू का?"

"नवी नवरी घरात असताना कुंकू पुसतोस? जीभ कशी रेटते रे तुझी?"

चुकीच्या खुणेवर पट्टा चढला तर मुसळ पळीवर आदळणार, कणा मोडणार, आणि मग तो पायगुण गावभर होणार, हे सुनेला दिसत होतं. तिनं विचार केला. खूण करणारा पहिला माणूस नुसत्या कुंकवाच्या भरवशावर राहिला नसेल. ती पुढे झाली, डोळे मिटले आणि चाकावरून हळूच बोट फिरवू लागली. एका ठिपक्याखाली बोट आत गेलं. छिन्नीची खाच होती. दुसऱ्या चाकावरही तशीच सापडली.

"मामंजी, ही असावी."

सासरे खाटेवरून उठून चाकापाशी आले, त्यांनी खाच चाचपून पाहिली आणि ते हसले. "डोळे होते तोवर बोटं लावून बघायचं सुचलंच नाही कधी."

खुणा जुळल्या, पट्टा चढला. आता पळीचं चाक मागे सारून पट्टा ताणायचा आणि पाठीमागे पाचर ठोकायची. नवऱ्यानं हातोडा चालवला. पट्टा टणटण वाजू लागला.

"अहो, इतका नको," सून म्हणाली. चारचौघांत ती त्याला पहिल्यांदाच काही म्हणत होती. "रवीची दोरी दोन्ही हातांनी आवळून धरली तर रवी फिरत नाही, दोरी मात्र तुटते. जुन्या पट्ट्याची भोकंही ओढून लांबलीत, बघा."

नवऱ्यानं हातोडा खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "लग्नाला पाहुणे यायचे होते. तेवढ्यात गिरणी बंद पडू नये म्हणून मीच पाचर ठोकली होती. जरा जास्तच."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं पट्ट्याकडे पाहिलं.

नवऱ्यानं घाईनं पाचर उपटली, तर पट्टा झोळीसारखा लोंबू लागला.

"पाणी सोडू नकोस. आधी हातानं फिरव," सासरे म्हणाले. "चूक हाताला कळते, पाण्याला कळत नाही."

चाक हातानं फिरवलं तशी एक खुंटी भोकातून निसटली आणि पळी मुसळाच्या आड आली. पुन्हा खुणा जुळवल्या. या वेळी सून पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबत राहिली आणि नवरा हलक्या हातानं पाचर ठोकत राहिला.

"अजून. अजून थोडी. बस."

पट्टा अंगठ्याखाली थोडा दबत होता आणि सोडला की जागेवर येत होता. चाक हातानं पूर्ण फिरवलं, पुन्हा फिरवलं. खुणा परत समोरासमोर आल्या.

मग पाणी सोडलं. मुसळ वर, पळी आत. मुसळ खाली, पळी बाहेर. खाटेवर सासऱ्यांची मान तालावर डोलू लागली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी शेजारीण पाटी घेऊन आली. सासूबाई पोहे मापता मापता म्हणाल्या, "पट्टा आमच्या लेकानंच आवळून तोडला होता, बरं का. जुळवला तो हिनं. पायगुणाचं मला काही कळत नाही बाई, हातगुण मात्र डोळ्यांनी बघितला."

शेजारणीला एकदम चुलीवरचं दूध आठवलं आणि ती लगबगीनं निघाली. सून पाण्याची कळशी घेऊन आत गेली, ती पैंजण वाजवत.

पुढे सासूबाई तिला घरातल्या शिस्तीत ठेवत, पण अंगठ्याखाली पट्टा दबेल एवढी मोकळीक राखूनच.

तात्पर्य: ज्यांना जोडीनं चालायचं आहे, त्यांच्यातला बंध घट्ट असावा, पण त्याला दबायला थोडी जागा असावी.