बाजल्याखालची माती

"मग जाऊ की राहू, एवढंच सांगा की वस्ताद!"

धनपालनं हा सवाल दुपारपासून चौथ्यांदा टाकला. दस्तगीर वस्ताद तालमीत, कुस्तीच्या मातीच्या हौद्यातच एका कडेला टाकलेल्या बाजल्यावर बसून लसूण सोलत होते. गिऱ्हाईक ताटकळलंय हे दिसत असूनही वजनं पुसत बसणारे काही दुकानदार असतात, त्यातलीच ही तऱ्हा.

कोल्हापूरच्या मोठ्या तालमीतून धनपालला बोलावणं आलं होतं. पाचच्या एसटीनं निघाला तर जागा त्याची. नाहीतर उद्या दुसऱ्याची.

"गेलो तर रोज नवा जोडीदार, रोज माझी पाठ मातीत. झोप उडणार. राहिलो तर इथं माझ्यासमोर उभं राहायला कोणी नाही. जीव निवांत आहे... पण दोन वर्षांत एक नवा डाव शिकलो नाही."

"हौदा उकर," वस्ताद म्हणाले.

धनपालनं फावडं घेतलं आणि उकरला.

"फळी मार."

त्यानं दोरी धरून फळी ओढली. माती अशी सपाट झाली, की सारवलेल्या अंगणानं लाजावं.

"झकास. आता उकर."

"आत्ताच तर..."

"उकर रे."

पुन्हा उकरणं, पुन्हा फळी. तिसऱ्यांदा तोच हुकूम आला तेव्हा धनपालनं फावडं आदळलं.

"उकरायचीच असली तर सपाट कशाला करायची? आणि सपाटच हवी तर उकरायची कशाला? मी विचारतोय काय, तुम्ही सांगताय काय! सव्वाचार वाजले!"

"खरं आहे तुझं." वस्ताद लसणाचं सुपलं घेऊन उठले. "जरा बाजलं उचल."

त्या बाजल्याला आजवर कुणी हात लावला नव्हता. वस्तादांची जागा ती. सगळे पठ्ठे अदबीनं फावडं तिच्या कडेनंच वळवून न्यायचे.

धनपालनं बाजलं बाजूला केलं. खाली त्याच हौद्यातली माती होती. पाटासारखी गुळगुळीत.

"सात वर्षं हिला कुणी त्रास दिलेला नाही," वस्ताद म्हणाले. "किती निवांत पडलीय बघ."

"हो."

"हिच्यावर पाठ टाक. उभ्यानं."

धनपालनं आधी टाच आपटून पाहिली. शहाबादी फरशीवर आपटावी तशी वाजली.

"मणका राहील का माझा?"

वस्ताद पाकळ्या निवडत राहिले...

धनपालनं पुढं काही न विचारता फावडं उचललं. पहिले चार घाव नुसते ठणठणले. पाचव्याला ढेकूळ निघालं. सगळी पट्टी फोडून होईपर्यंत सदऱ्याची पाठ भिजली. मग कुणी न सांगता त्यानं फळी ओढली, बाजलं जागेवर ठेवलं, पाय धुतले आणि पिशवी खांद्याला अडकवली.

वस्तादांच्या पायाला हात लावून तो दारापर्यंत गेला.

"धनपाल."

"जी."

"फावडी तिथं ढीगभर मिळतील. फळी मात्र इथली घेऊन जा, रोज झोपण्याआधी मारायला."