लेकुरघराची ओसरी

"चिमाक्कानं म्हणे राजेसाहेबांना दाराबाहेर हाकल…" पाणवठ्यावर एवढंच कानी आलं आणि बोलणारीनं घागर उचलून वाट धरली. आता अर्ध्या बातमीवर कुणाला चैन पडतं? आमचं घर लेकुरघराच्या समोरच, पण नेमकी त्या दिवशी मी लेकीकडे गेलेली. मग काय, दारोदार विचारून सगळं गोळा केलं.

लेकुरघर म्हणजे गावाच्या देणग्यांवर चालणारं पोरक्या मुलांचं घर आणि चिमाक्का तिथली राखणदारीण. तिचा हट्ट एकच. पाहुणा कितीही मोठा असो, त्यानं आत जाऊन एकट्यानं पोरांना भेटायचं नाही. ज्यांनी त्या घरावर कौलं घातली, त्या रेवाशेठनाही तिनं उंबऱ्यावर अडवलं. शेठ तणतणत थेट राजवाड्यावर गेले.

राजेसाहेबांनी चिमाक्काला बोलावलं. "उद्यापासून एकही वाईट माणूस आत जाता कामा नये आणि एकाही भल्या माणसाचा अपमान होता कामा नये. यातलं एक जरी चुकलं, तर लेकुरघराला कुलूप!"

म्हणजे पोरं पुन्हा रस्त्यावर. गाव हळहळलं. भलेपणा काय कपाळावर गोंदलेला असतो? चिमाक्कानं मात्र परत येऊन लेकुरघराची ओसरी सारवली, सतरंजी अंथरली आणि शेंगांची टोपली मधोमध ठेवली.

सकाळी पारख करायला राजेसाहेब स्वतःच आले. मागे रेवाशेठ. त्यांच्यामागे अत्तर लावलेले दरबारचे एक पाहुणे, हातात लाडवांचा डबा. राजेसाहेबांनी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं, तशी चिमाक्का आडवी आली.

"महाराज, ओसरीवर बसावं. पोरं इथंच येतील. मीही असेन."

"आमच्यावर संशय?"

"महाराज, देवळात जाताना चपला काढता ना?"

"काढतो."

"मग पुजाऱ्यानं आपले पाय मळके ठरवले, असं वाटतं?"

"का वाटावं? तिथं सगळेच काढतात."

"इथंही सगळेच बसतात. आज पहिला मान आपला."

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि मांडी घातली. राजा सतरंजीवर बसल्यावर शेठ कसले उभे राहतात? तेही टेकले, वर मागच्यांना जागा करून देऊ लागले. पोरं धावत आली. शेंगा फुटू लागल्या.

"अपमानाचं मिटलं," राजेसाहेब म्हणाले. "पण वाईट माणूस कसा ओळखशील?"

"मी कोण ओळखणार? ते काम ओसरीचं. ज्याला चारचौघांत बसायचंच नसेल, त्याला एव्हाना दुसरं काम आठवलं असेल."

राजेसाहेबांनी वळून पाहिलं. लाडवांचा डबा पायरीवर होता. अत्तराचा वासही होता. पाहुणे तेवढे गल्लीच्या टोकाला पोचले होते, तेही झपाझप. राजेसाहेबांनी शिपायांना खूण केली. "घेऊन या त्यांना. एवढी कसली घाई होती, ते विचारायचंय."

मग ते गडगडाटी हसले. "आमच्या एवढ्या मोठ्या हुकमाला तू एक सतरंजी पुरवलीस! माग, काय हवं ते."

"ओसरी लांब करून द्या, महाराज. आता गाव बसायला येईल."

ओसरी दुप्पट झाली, आणि राज्यातल्या प्रत्येक लेकुरघराला तशीच ओसरी बांधायचा हुकूम निघाला.

तेव्हा पाणवठ्यावरची बातमी तेवढी दुरुस्त करून घ्या. चिमाक्कानं राजेसाहेबांना दाराबाहेर ठेवलं, हे खरं. हाकललं, हे साफ खोटं. उलट शेंगा संपेपर्यंत ते उठायलाच तयार नव्हते.